आपल्याला बांधून ठेवणारें वस्त्र

इसवी सन २००८ मध्यें अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांतून एका चमत्कारिक प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. तेथील संशोधकांनीं मेलेल्या उंदराचें हृदय घेतलें, आणि त्याच्या रक्तवाहिन्यांतून साबणाच्या जातीचें एक द्रावण सावकाश वाहूं दिलें. त्या द्रावणानें हृदयांतील पेशी विरघळून वाहून गेल्या. मांस गेलें, तांबडा रंग गेला. पण हृदय नाहींसें झालें नाहीं. पांढुरकें, दुधी कांचेसारखें अर्धवट पारदर्शक असें एक हृदय तसेंच शिल्लक राहिलें. त्याचे कप्पे जागच्या जागीं, झडपा जागच्या जागीं, रक्तवाहिन्यांचे मार्गही जागच्या जागीं. पुढें त्या रिकाम्या हृदयांत नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या हृदयपेशी सोडल्या, आणि आठवड्याभरांत तें क्षीणपणें कां होईना, पुन्हा आकुंचन पावूं लागलें.

पेशी गेल्या तरी आकार राहिला. तेव्हां तो आकार धरून ठेवणारा पदार्थ कोणता, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे. शास्त्रीय पुस्तकांत त्याला संयोजी ऊति म्हणतात. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शाळामास्तर. वैद्यकाचा अधिकार मला नाहीं. परंतु हा धडा मीं अनेक वर्षें वर्गांत शिकविला, आणि दरवर्षीं मला असें दिसून आलें कीं हृदय, मेंदू, यकृत यांविषयीं उत्सुकतेनें प्रश्न विचारणारीं मुलें या धड्याशीं आलीं कीं जांभया देऊं लागतात. त्यांत मुलांचा दोष नाहीं. ‘शरीराचे भाग जोडणारी ती संयोजी ऊति’ एवढें एक वाक्य सांगून पुस्तक पुढें सरकतें, आणि मुलांच्या मनांत डिंकाचें किंवा खळीचें चित्र तेवढें उरतें. वास्तविक ऊति हा शब्दच विणकामांतला आहे. ‘ओतप्रोत’ या आपल्या नेहमींच्या शब्दांत जे उभे-आडवे धागे आहेत, त्यांतलाच हा एक. तेव्हां डिंक मनांतून काढून टाकावा आणि तेथें वस्त्र आणावें.

शब्दांचा विषय निघाला आहे म्हणून आणखी एका गोंधळाचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत स्नायूंची संख्या ९०० आणि पेशींची ५०० सांगितली आहे. आजचा विद्यार्थी हें वाचून बुचकळ्यांत पडतो. कारण आपण मराठींत आकुंचन पावणाऱ्या मांसाला स्नायु म्हणतों आणि सजीवाच्या सूक्ष्म घटकाला पेशी म्हणतों. सुश्रुताची पेशी म्हणजे आपला स्नायु. आणि सुश्रुताचा स्नायु म्हणजे हाडांना आवळून धरणारा दोर, अर्थात् आजचा आपला विषय. त्याची उपमा मोठी मार्मिक आहे. फळ्यांची केलेली नाव पुष्कळ बंधनांनीं नीट बांधली म्हणजे जशी पाण्यावर माणसांचा भार सोसते, तसेच शरीराचे सांधे स्नायूंनीं बांधलेले असतात म्हणून माणूस भार वाहूं शकतो, असें तो म्हणतो. अरबी समुद्रावर पूर्वीं काथ्याच्या दोरीनें शिवलेलीं गलबतें चालत असत, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना या उपमेची गोडी अधिक कळेल.

आतां या ऊतीच्या कुटुंबांत कोण कोण येतें तें पाहूं. मांसाला हाडाशीं जोडणारी कंडरा, हाडाला हाडाशीं जोडणारा अस्थिबंध, त्वचेचा आंतला जाड थर, कानाची व सांध्यांतील कूर्चा, मेद, स्वतः हाड आणि आश्चर्य म्हणजे रक्तसुद्धां. रक्त कशाला काय जोडतें, असा प्रश्न चलाख मुलगा हमखास विचारतो. त्याचें उत्तर असें कीं या कुटुंबाची खरी खूण जोडणें ही नाहींच. त्वचेच्या वरच्या थरांत किंवा मांसांत पेशी एकमेकींना खेटून असतात आणि काम पेशीच करतात. संयोजी ऊतींत पेशी विरळ, दूर दूर पसरलेल्या असतात, आणि त्यांच्या मधल्या जागेंत जो पदार्थ असतो तोच बहुतेक काम करतो. रक्तांत तो मधला पदार्थ पातळ आहे, हाडांत तो चुन्याच्या क्षारांनीं कठीण झाला आहे, कंडरेंत तो दोरासारखा आहे. पेशी येथें विणकराचें काम करतात. विणकर लहानसा, आणि त्यानें विणलेलें वस्त्र त्याच्यापेक्षां कितीतरी मोठें!

या वस्त्राचा मुख्य धागा म्हणजे कोलॅजेन नांवाचें प्रथिन. आपल्या शरीरांतील एकंदर प्रथिनांचा सुमारें एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भाग या एकट्याचा आहे. तें पाहण्यासाठीं सूक्ष्मदर्शक लागत नाहीं. आपल्या पायांतली कोल्हापुरी वहाण म्हणजे जनावराच्या त्वचेंतील संयोजी ऊतीच होय. वरचे केस आणि आंतलें मांस खरवडून काढल्यावर जें उरतें तें जवळजवळ सगळें कोलॅजेन. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यांत कातडें मुरवितात तेव्हां त्या सालींतील तुरट द्रव्य कोलॅजेनच्या धाग्यांना एकमेकांशीं पक्कें बांधून टाकतें, आणि मग तें कातडें कुजत नाहीं. तेंच कातडें न कमावतां पाण्यांत उकळीत ठेवलें तर धाग्यांचा पीळ सुटतो आणि त्याचा सरस होतो. जुने सुतार लांकूड जोडायला हाच सरस वापरीत. कोलॅजेन या नांवाचा ग्रीक भाषेंतील अर्थही ‘सरस उत्पन्न करणारें’ असाच आहे. मांसाहारी घरांत बकऱ्याच्या पायांचा रस्सा रात्रभर राहिला कीं सकाळीं थिजून थलथलीत होतो, तोही याच धाग्याचा प्रताप.

हा धागा कसा वळलेला आहे याचा उलगडा करण्याचा मान आपल्या देशाकडे आहे. मद्रास विद्यापीठांतील गोपालसमुद्रम् नारायण रामचंद्रन् आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्ता यांनीं १९५४ सालीं असें दाखविलें कीं कोलॅजेनचा प्रत्येक रेणु तीन पदरांचा आहे. कांगारूच्या शेपटींतील कंडरेवर क्ष-किरण टाकून मिळालेल्या आकृतींवरून त्यांनीं हें अनुमान बांधलें. पुढच्या वर्षीं त्यांनीं स्वतःच त्यांत सुधारणा केली. इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनीं कांहीं तपशिलांविषयीं वाद घातला. पण तीन पदरांचा पीळ कायम राहिला. ज्यांनीं दोर वळतांना पाहिला आहे त्यांना त्यांतील युक्ति लगेच कळेल. सुटे पदर एका दिशेनें पिळतात, आणि ते एकत्र करून उलट दिशेनें वळतात. म्हणून दोर आपोआप उकलत नाहीं. कोलॅजेनमध्येंही तसेंच आहे. एकेक पदर डावीकडे पिळलेला, आणि तिघांचा मिळून पीळ उजवीकडे.

प्रत्येक पदरांत सुमारें हजार मणी ओवलेले आहेत असें समजा. त्यांतील दर तिसरा मणी ग्लायसीन नांवाचा, सर्व मण्यांत लहान असा असतो. तिन्ही पदर जेथें एकत्र येतात तेथें इतकी थोडी जागा आहे कीं दुसरा कोणताही मणी मावत नाहीं. जन्मतःच एखाद्या ठिकाणीं या लहान मण्याऐवजीं मोठा मणी आला, तर पीळ तेथें बिघडतो, आणि जरासा धक्का लागतांच हाडें मोडणारें मूल जन्माला येऊं शकतें. हजारांतील एका मण्याची ही किंमत आहे.

धागा वळला जात असतांना त्यावर आणखी एक संस्कार व्हावा लागतो. कांहीं मण्यांना प्राणवायु आणि उद्‌जन यांचा मिळून एक लहानसा आंकडा जोडला जातो. तो नसेल तर शरीराच्या साध्या उष्णतेनेंही पीळ उकलूं लागतो. हा आंकडा जोडणाऱ्या कारागिराला क जीवनसत्त्व लागतें. गाय, बकरी, कुत्रा हे प्राणी तें आपल्या शरीरांतच तयार करतात. माणसाला तें अन्नांतूनच घ्यावें लागतें.

तें मिळालें नाहीं तर काय होतें, याची सर्वांत भयंकर कहाणी समुद्रावरची आहे. १७४० ते १७४४ या काळांत इंग्रज नौसेनापति ॲन्सन यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याच्या गलबतांवरील शेंकडों माणसें ‘स्कर्व्ही’ या रोगानें मेलीं. हिरड्या सुजून सडणें, दांत हलणें, अंगावर काळेनिळे डाग पडणें हीं या रोगाचीं ठाऊक असलेलीं लक्षणें. परंतु त्या सफरीच्या १७४८ सालीं छापलेल्या वृत्तांतांत एक गोष्ट अशी आहे कीं ती वाचून अंगावर कांटा येतो. आयर्लंडांतील १६९० च्या बॉइनच्या लढाईंत जखमी झालेला एक म्हातारा खलाशी त्या गलबतावर होता. त्याच्या जखमा भरून पन्नास वर्षें होऊन गेलीं होतीं. त्या जखमा पुन्हा उघडल्या, जणूं कधीं भरल्याच नव्हत्या. पूर्वीं मोडून सांधलेलें त्याचें हाडही सांध्यावर सुटलें.

श्रोतेहो, या प्रसंगाचा नीट विचार करावा. अंगावरचा जुना वण आपल्याला कायमचा वाटतो. भिंतीला एकदां लांबी भरली कीं संपलें, तसा. पण तो तसा नाहीं. वणांतील जुने धागे शरीर सतत मोडीत असतें आणि त्यांच्या जागीं नवे घालीत असतें. मोडण्याचें काम चालू राहिलें आणि घालण्याचें थांबलें, तर पन्नास वर्षांपूर्वींची शिवणही उसवते. ॲन्सनच्या सफरीनंतर तीनच वर्षांनीं, १७४७ मध्यें, जेम्स लिंड या नाविक वैद्यानें ‘सॅलिस्बरी’ या गलबतावर बारा रोगी निवडले, त्यांच्या सहा जोड्या केल्या, आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. कोणाला शिरका, कोणाला समुद्राचें पाणी, कोणाला लसूण-मोहरीचें चाटण. ज्या दोघांना संत्रीं व लिंबें मिळालीं, त्यांतील एक सहा दिवसांत कामावर उभा राहिला. इतका लखलखीत पुरावा हातीं असूनही इंग्रजी आरमारानें सर्वत्र लिंबाचा रस देण्याचा निर्णय १७९५ सालीं घेतला. मधल्या ४८ वर्षांत किती खलाशी मेले असतील, याचा हिशेब ज्याचा त्यानें करावा.

आपल्याकडे आवळा, पेरू, लिंबू, हिरवी मिरची, शेवग्याचा पाला हीं स्वस्त व मुबलक आहेत. मात्र फार शिजविल्यानें क जीवनसत्त्वाचा बराच भाग नष्ट होतो. येथें हल्लींच्या एका चालीविषयीं दोन शब्द बोलतों. कोलॅजेनची भुकटी डब्यांतून विकण्याचा व्यापार जोरांत आहे, आणि ती दुधांतून घेतली कीं गुडघे नवे होतात, सुरकुत्या जातात, असें जाहिरातींतून सांगितलें जातें. पोटांत गेलेलें कोलॅजेन इतर प्रथिनांप्रमाणेंच पचतें. त्याचे मणी सुटे होतात, फार तर दोन-तीन मण्यांचे तुकडे रक्तांत पोंचतात. त्या तुकड्यांवर ‘गुडघ्याकडे जावें’ असा पत्ता लिहिलेला नसतो. ज्याच्या घरीं डाळ, दूध, अंडें आणि फळ नियमानें मिळतें, त्यानें या डब्यासाठीं पदरमोड करावी असें मला वाटत नाहीं.

वण सतत नवा होतो हें खरें; पण सर्वच ठिकाणीं तसें होतें असें नाहीं. टांचेच्या मागें जी जाड कंडरा हाताला लागते, ती शरीरांतील सर्वांत बळकट कंडरा होय. पोटरीचें मांस टांचेच्या हाडाशीं बांधणारी ही दोरी धांवतांना शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट ओढ सोसते. २०१३ सालीं डेन्मार्कमधील संशोधकांनीं तिच्या वयाचा शोध एका विलक्षण मार्गानें लावला. १९५५ ते १९६३ या काळांत बड्या राष्ट्रांनीं उघड्या हवेंत अणुबाँबचे स्फोट केले, आणि वातावरणांतील किरणोत्सारी कार्बनचें प्रमाण जवळजवळ दुप्पट झालें. १९६३ च्या करारानंतर तें हळूहळू उतरत गेलें. तो कार्बन वनस्पतींत, वनस्पतींतून अन्नांत आणि अन्नांतून माणसांत आला. म्हणजे शरीराचा एखादा भाग ज्या वर्षीं तयार झाला, त्या वर्षाचा शिक्काच त्यावर बसला. मृतांच्या टांचेंतील कंडरा तपासतां असें आढळलें कीं मांसांतील कार्बन अलीकडचा आहे. पण कंडरेच्या गाभ्यांतील कार्बन त्या माणसाच्या वयाच्या पहिल्या सतरा वर्षांतला आहे. उंची वाढणें थांबतें, त्याबरोबर या दोरीचा गाभा तयार होणेंही जवळजवळ थांबतें. सत्तराव्या वर्षीं आपण ज्या दोरीवर चालतों ती शाळेच्या वयांत वळलेली असते!

डेन्मार्कच्या संशोधकांनीं एवढेंच दाखविलें. यापुढचें माझें स्वतःचें आहे. परीक्षा जवळ आली कीं खेळाचा तास गणिताला देण्याची पद्धत मीं अनेक शाळांत पाहिली. तो तास पुढें गणिताकडून परत मिळतो असें कधीं दिसलें नाहीं.

गुडघ्यांतील कूर्चेची गोष्ट आणखी वेगळी आहे. हाडांच्या टोकांवर बसविलेला हा गुळगुळीत थर अवघा दोन-चार मिलिमीटर जाड, आणि त्यांत सत्तर ते ऐंशी टक्के पाणीच. कोलॅजेनच्या जाळ्यांत साखरेच्या लांब साखळ्यांचे मोठे रेणु अडकविलेले असतात. ते पाणी ओढून घेतात, जाळें त्यांना फुगूं देत नाहीं, आणि या ओढाताणीमुळें तो थर दाब सोसतो. कूर्चेला रक्तवाहिनी नाहीं. मग तिला अन्न कोठून मिळतें? सांध्यांतील वंगणासारख्या द्रवांतून. पाऊल टाकलें कीं कूर्चा दाबली जाऊन कांहीं पाणी बाहेर जातें. पाऊल उचललें कीं नवें आंत येतें. चालणें हेंच तिचें जेवण. म्हणून दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूर्चा पातळ होते, आणि म्हणूनच ‘गुडघा दुखतो तर अजिबात हलवूं नये’ हा घरोघरचा सल्ला बहुधा उपयोगी पडत नाहीं. किती आणि कसें चालावें हें मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावें. झिजलेली कूर्चा पुन्हा पूर्ववत् होणें फार कठीण असतें.

आतां राहिला जखमेचा भाग, आणि माझ्या मतें तोच सर्वांत महत्त्वाचा. जखम झाली कीं थोड्याच दिवसांत धागे विणणाऱ्या पेशी तेथें गोळा होतात आणि घाईघाईनें एक कच्चें, बारीक जाळें घालतात. पुढें कित्येक महिने तें काढून त्या जागीं जाड धागा घातला जातो. तिसऱ्या आठवड्यांत जखम वरून भरलेली दिसते, पण तिची बळकटी मूळ त्वचेच्या पंचमांशाच्या आसपासच असते. पुढेंही ती मुळाच्या सुमारें ऐंशी टक्क्यांपलीकडे जात नाहीं. याच काळांत त्यांतल्या कांहीं पेशी मांसाप्रमाणें आकुंचन पावूं लागतात. या पेशींचा शोध १९७१ मध्यें लागला. जखमेचे कांठ जवळ ओढून ती लहान करावी, हा त्यांचा हेतु चांगला असतो. पण ती जखम तळहातावर किंवा मानेवर असेल तर त्यांची ओढ सांध्यालाच वांकवून टाकते.

माझ्या शाळेंत चौथीच्या वर्गांत एक मुलगी होती. चुलीवरचें तापलेलें पातेलें उजव्या हातानें धरल्यामुळें तिचा तळहात भाजला. औषधपाणी झालें, दीड महिन्यांत जखम कोरडी झाली आणि घरच्यांनीं देवापुढें नारळ फोडला. हात मिटून ठेवला कीं दुखत कमी, म्हणून ती मूठ मिटूनच ठेवीत असे, आणि आईलाही तें बरें वाटे. चार-पांच महिन्यांत तीन बोटें तळहाताकडे ओढलीं गेलीं, तीं सरळ होईनात. पट्टी सोडतांना, आतां खरें काम सुरू झालें आहे, असें त्यांना कोणी सांगितलें नव्हतें. दोन वर्षें ती डाव्या हातानें लिहीत होती. पुढें शस्त्रक्रिया करून तो आंखडलेला वण कापला, मांडीची त्वचा तेथें लावली, आणि बोटें ताणून धरणारी फळी कित्येक महिने रात्रीं बांधावी लागली. दोन बोटें सरळ झालीं; करंगळी पूर्ण उघडत नाहीं.

भाजलेला हात ज्या स्थितींत सुखावतो, त्याच स्थितींत तो आंखडतो. यास्तव भाजण्याचे मोठे दवाखाने पहिल्या दिवसांपासूनच सांधा ताणलेल्या स्थितींत राहील अशी फळी बांधतात, डॉक्टरांच्या देखरेखीखालीं दिवसांतून अनेकदां बोटें हलवावयास लावतात, आणि जखम भरल्यावर घट्ट बसणारा मोजा चढवितात. ज्यांच्या घरीं असा रोगी असेल त्यांनीं पट्टी सुटण्याच्या दिवशीं फळी, व्यायाम आणि मोजा या तिन्हींविषयीं आपण होऊन विचारावें. वण लालसर, टणक आणि खाजरा आहे तोंवर त्यांतील विणकाम चालू असतें, आणि तोंवर त्याला वळण लावतां येतें. हा काळ बहुधा वर्षभराचा, कधीं दीड-दोन वर्षांचा असतो. तो पांढुरका, मऊ आणि सपाट झाला म्हणजे माग थांबला.